किती वॅटचा घेऊ? सीबी रेडिओची निवड आणि त्याची पॉवर, सोप्या भाषेत

२०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारपेठांना वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल नोटिसा पाठवल्या आणि पाठोपाठ या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही जाहीर केली. हातात मावणाऱ्या रेडिओलाही वारंवारिता, परवाना, मंजुरी अशा गोष्टी लागू होतात हे ती बातमी वाचूनच अनेकांच्या लक्षात आलं. गाड्यांचा ताफा घेऊन भटकणारे, ट्रेकचे गट नेणारे, शिवाय अमेरिकेत राहणारे, जीप किंवा आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन लांब निघणारे आपले लोक, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती वॅटचा रेडिओ घेऊ?

वॅटच्या मागे लागलेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या जागी पैसे घालतो, असं माझं ठाम मत आहे. वॅटचा आकडा कायद्याने आधीच बांधून दिलेला असतो, आणि तो ओलांडून हाती लागतं ते फार थोडं. आवाज किती लांब आणि किती स्पष्ट जाईल हे ठरतं अँटेना, तिची जागा, वायरिंग आणि पॉवर नीट लावलेली असणं यांवर. हे का, ते मुळापासून पाहू. सीबीचं खरं घर अमेरिका, म्हणून आधी तिथलं सांगतो. भारतातले नियम शेवटी.

## सीबी म्हणजे काय

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवलेला रेडिओलहरींचा छोटा पट्टा. मधे टॉवर नाही, सिम नाही, बिल नाही. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि टप्प्यात असलेल्या सगळ्यांनी ऐकायचं, असा हा मामला.

अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा १९५८ साली नागरिकांना खुला झाला. १९७३च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकचालक एकमेकांना सीबीवर सांगू लागले आणि बघता बघता हा रेडिओ घराघरात पोचला. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७पासून २३ चॅनेलची ४० चॅनेल करावी लागली. आधी परवाना लागायचा. १९८३मध्ये ती अटही गेली.

आज ही ४० चॅनेल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये बसतात. चॅनेल ९ संकटकाळासाठी आणि वाटसरूंच्या मदतीसाठी राखलेलं आहे. चॅनेल १९ ट्रकवाल्यांचं. कुठे लिहिलेलं नाही, पण रस्त्यावर सगळे तेच पाळतात. या लहरींची लांबी साधारण ११ मीटर असते. हा आकडा लक्षात असू द्या, अँटेनाचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

पॉवरची मर्यादा अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी ठरवते. एएम आणि एफएम पद्धतीत ४ वॅट, आणि एसएसबी पद्धतीत आवाजाच्या शिखरावर १२ वॅट. या तीन पद्धतींतला फरक पुढे येईलच.

## चार वॅटनी होणार काय?

घरातला एलईडी दिवासुद्धा सात-नऊ वॅटचा असतो, मग चार वॅटनी काय होणार, हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पण रेडिओच्या जगात पॉवर वाढवली म्हणून अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही.

रिसीव्हरवर आलेल्या सिग्नलचा जोर दाखवणारी पट्टी असते, तिला एस-मीटर म्हणतात. त्यावरचं एक घर पुढे सरकायला पाठवणाऱ्याची पॉवर चौपट व्हावी लागते. ४ वॅटचे ८ केले तर काटा जेमतेम अर्धं घर हलतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला फरक जाणवतही नाही. १६ वॅट केले तर एक घर. बेकायदा अॅम्प्लिफायर जोडून थेट १०० वॅट केले, तरी दोन घरांहून थोडं जास्त.

अंतराचा हिशोब याहून कठोर आहे. सपाट जमिनीवर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणारा सिग्नल अंतर दुप्पट झालं की सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे आवाज दुप्पट लांब पोचवायचा तर पॉवर सोळापट हवी. ४ वॅटला जिथे सहा किलोमीटर मिळतात, तिथे १०० वॅटला तेरा-चौदा मिळतील. मधे डोंगराची सोंड आली तर तेवढेही नाहीत. दोन गाड्यांमध्ये साध्या बसवणीने तीन ते आठ किलोमीटर, चांगली अँटेना आणि मोकळं माळरान असेल तर त्याहून बरंच जास्त, अशी अपेक्षा ठेवावी.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पॉवर वाढवल्याने तुमचं बोलणं लांब जातं, ऐकणं तिथेच राहतं. समोरचा ४ वॅटवर उत्तर देतोय आणि ते तुम्हाला ऐकूच येत नाही, अशा संभाषणाचा उपयोग काय? चांगली अँटेना मात्र दोन्ही बाजूंनी काम करते. बोलणं जेवढं सुधारतं, तेवढंच ऐकणंही.

## आवाजाला वर चढायला जागा हवी

पॉवर लावण्याचा सगळा भाग ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती इथे सांगतो.

एएम रेडिओचं बटण दाबलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तरी एक स्थिर लहर बाहेर पडत असते. तिला कॅरिअर म्हणतात, कारण आवाज वाहून नेणारी तीच. तुम्ही बोललात की तुमच्या आवाजाप्रमाणे ती कमी-जास्त होते. आवाज असा लहरीवर चढवण्याला मॉड्युलेशन म्हणतात. आवाज पुरेपूर चढला की शिखरावरची पॉवर कॅरिअरच्या चौपट होते. कॅरिअर ४ वॅटचं असेल तर शिखर १६ वॅटचं.

गॅसवर दूध तापवताना आपण पातेलं काठोकाठ भरत नाही. उकळी आली की दूध वर चढणार, त्याला जागा हवी. कॅरिअर म्हणजे पातेल्यातलं शांत दूध, तुमचा आवाज म्हणजे उकळी, आणि पातेल्याचा काठ म्हणजे रेडिओतल्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची कमाल ताकद. उकळी चौपट उंच जाणार असेल तर पातेलं पाव भरलेलंच हवं. कोणी हौसेने ते अर्धं भरलं, तर दूध काठावर आपटून बाहेर सांडेल. रेडिओत तसंच होतं: आवाजाची शिखरं कापली जातात, बोलणं घोगरं आणि फाटलेलं ऐकू येतं, आणि सांडलेली ऊर्जा शेजारच्या चॅनेलवर जाऊन तिथल्यांना त्रास देते. बहुतेक चॅनेलांमध्ये अंतर फक्त १० किलोहर्ट्झचं आहे, त्यामुळे सांडलेलं लगेच शेजाऱ्याच्या अंगणात पोचतं.

कॅरिअर वाढवलं म्हणजे आवाज वाढला, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. कॅरिअरमध्ये शब्द नसतात. मीटरवर आकडा मोठा दिसतो, आणि समोरचा मात्र म्हणतो, "काय म्हणालात? परत सांगा."

## एएम, एफएम की एसएसबी?

एएम सगळ्यांकडे असतं. महामार्गावर चॅनेल १९वर बोलायचं तर एएमच लागणार.

एफएमला अमेरिकेत २०२१च्या नियमबदलाने मुभा मिळाली. यात आवाज कितीही चढला-उतरला तरी पॉवर तेवढीच राहते, आणि इंजिन-इग्निशनची खरखर बरीच दबते. तुमच्या ताफ्यातल्या सगळ्या गाड्यांमध्ये एफएमची सोय असेल तर जवळच्या बोलण्यासाठी मी तेच वापरायला सांगेन.

एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड. एएममध्ये बरीचशी पॉवर त्या मुक्या कॅरिअरवर खर्च होते आणि आवाजाची तीच माहिती दोन बाजूंना दोनदा जाते. एसएसबीमध्ये कॅरिअर आणि एक बाजू काढून टाकतात, आणि सगळी ताकद उरलेल्या बाजूच्या आवाजाला मिळते. शिवाय कायदा इथे १२ वॅट देतो. चार वॅटच्या एएमपेक्षा कायद्यात राहून खरोखर लांब जायचं असेल तर वाट ही आहे. अडचण एवढीच की समोरच्याकडेही एसएसबी हवं, आणि आवाज बदकासारखा येऊ लागला की क्लॅरिफायर नावाचं बटण हलकेच फिरवून तो ठीक करावा लागतो. चार दिवसांत सवय होते.

## रेडिओ निवडताना

अमेरिकेत दुकानातून कायदेशीर सीबी घेतला की तो कुठल्याही कंपनीचा असो, महाग असो वा स्वस्त, एएमवर पॉवर चारच वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "फुल पॉवर" लिहिलेलं असलं तरी अर्थ तोच. जास्त पैशांनी मिळतो तो चांगला रिसीव्हर, चांगला माइक, मोठा डिस्प्ले आणि जास्त सोयी.

सोयींपैकी खरोखर कामाच्या मोजक्याच. स्क्वेल्च सगळ्यांत असतो. कोणी बोलत नसताना येणारी खरखर तो बंद ठेवतो. नॉइज ब्लँकर आणि एएनएल हे इंजिनाची टिकटिक कमी करतात, गाडीसाठी ते हवेतच. आरएफ गेन हवा, त्याबद्दल पुढे बोलू. हवामानाची चॅनेल हवीत: अमेरिकेत १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर सात सरकारी चॅनेल दिवसरात्र हवामान सांगत असतात. वादळी भागातून जाताना मोबाइलची रेंज गेली तरी ही ऐकू येतात.

ट्रकमध्ये कोब्रा २९ या घराण्यातले रेडिओ वर्षानुवर्षं दिसतात, कारण बटणं मोठी आणि हातमोजे घालूनही फिरवता येणारी. एसएसबी हवं असणाऱ्यांसाठी युनिडेनचा बेअरकॅट ९८० किंवा प्रेसिडेंटचा मॅकिन्ली. डॅशबोर्डवर जागाच नसेल तर कोब्रा ७५सारखा रेडिओ, ज्याची सगळी बटणं हातातल्या माइकमध्येच असतात आणि मुख्य डबा सीटखाली दडवता येतो. कुठलं मॉडेल चांगलं यावर तासन्तास वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारेन: अँटेना कुठे लावणार आहात?

हातात धरायचा सीबी अगदी शेवटचा पर्याय समजावा. ११ मीटरच्या लहरीसाठी वीतभर अँटेना फारच तोकडी पडते. पॉवर ४ वॅट लिहिलेली असली तरी त्यातली थोडीच हवेत जाते. आधीच बसवलेल्या अँटेनाला जोडता येणारा हँडसेट मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

## पैसे अँटेनावर खर्च करा

लहरीचा चौथा हिस्सा एवढी उंच अँटेना सर्वांत सोपी आणि चांगली. ११ मीटरचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटरच्या आत-बाहेर. म्हणूनच १०२ इंचांची स्टीलची काठी आणि तिच्या बुडाशी सहा इंचांची स्प्रिंग ही जोडी अमेरिकेत इतकी वर्षं टिकून आहे. गाडीवर एवढी काठी सोयीची नसते, म्हणून तार गुंडाळून लांबी कमी केलेल्या अँटेना मिळतात. त्यांतल्या त्यात लांब असेल ती घ्यावी. दोन फुटी अँटेना दिसायला सुबक, कामाला कमजोर.

जागा टपाच्या मध्यभागी सर्वांत उत्तम. गाडीचा पत्रा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. चारही बाजूंना सारखा पत्रा मिळाला की सिग्नलही चारही दिशांना सारखा जातो. मागच्या बंपरवर एका कोपऱ्यात लावली तर पुढच्या विरुद्ध कोपऱ्याच्या दिशेला जोर जातो आणि बाकी बाजूंना कमी. चुंबकाच्या बैठकीची अँटेना पत्र्याच्या टपावर छान चालते. फायबरच्या टपावर किंवा सॉफ्ट टॉप जीपवर नुसती चिकटवून उपयोग नाही, तिथे बॉडीला पक्की जोड द्यावीच लागते. माउंटखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवणं, हे पाच मिनिटांचं काम अॅम्प्लिफायरपेक्षा जास्त फायदा देऊन जातं.

अँटेना लावली की ती जुळवायची. रेडिओतून निघालेली पॉवर अँटेनाने पूर्ण घेतली की काही भाग परत फिरवला, हे एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. १.५ आला तर फक्त ४ टक्के पॉवर परत येते, २ला ११ टक्के, ३ला २५ टक्के. दीडच्या आत आणावा, दोनपर्यंत चालून जातं. तीनच्या वर असेल तर बोलूच नये, शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जाऊ शकतो. अँटेना न जोडता बटण दाबणं हे त्याहून वाईट.

मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, दारं बंद ठेवा, माणसं अँटेनापासून दूर असू द्या. चॅनेल १, २० आणि ४० या तिन्हींवर एसडब्ल्यूआर मोजा. ४०वर जास्त आणि १वर कमी आला तर अँटेना लांब आहे, थोडी आखूड करा. १वर जास्त आणि ४०वर कमी आला तर ती आखूड आहे, लांब करा. एका वेळी काही मिलिमीटरच बदल करा, कारण कापलेली काठी परत जोडता येत नाही. तिन्ही चॅनेलवर सारखाच आणि खूप जास्त येत असेल तर लांबीच्या नादी न लागता जोड, केबल आणि अर्थिंग तपासा. दोष बहुतेक तिथेच सापडतो.

## पॉवर तपासायची आणि लावायची कशी

आधी वीज. रेडिओची पॉवर १३.८ व्होल्टवर मोजलेली असते. इंजिन बंद असताना बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास असते, तेव्हा ४ वॅटचे साधारण ३ होऊ शकतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतली तर त्याच्या सैल संपर्कात आणखी थोडे व्होल्ट हरवतात आणि इंजिनाची खरखरही आत येते. थेट बॅटरीपासून फ्यूजसह वायर ओढून घ्या. रेडिओ बोलताना दोन-तीन अँपिअरच ओढतो, काम अवघड नाही.

मग मीटर. रेडिओ आणि अँटेनाच्या मधे वॅटमीटर लावायचा. शक्य असेल तर पहिली चाचणी अँटेनाऐवजी डमी लोडवर घ्या. हा ५० ओहमचा रेझिस्टर पॉवर उष्णतेत जिरवतो आणि कोणाला त्रास होत नाही. एएमवर बटण दाबून गप्प राहा, आकडा चारच्या आसपास हवा. आता नेहमीच्या आवाजात बोला किंवा शिट्टी वाजवा. काटा वर सरकायला हवा. बोलताना काटा खाली येत असेल तर काहीतरी बिघडलंय: व्होल्टेज पडतंय, वायर बारीक आहे, किंवा कॅरिअर इतकं वर लावलंय की आवाजाला जागा उरलेली नाही. एफएमवर बोलताना काटा स्थिर राहणं बरोबर. एसएसबीवर गप्प असताना शून्य आणि बोलताना उसळी, हेही बरोबर. साधा मीटर सरासरी दाखवतो, शिखर नाही. त्यामुळे एसएसबीवर १२च्या जागी ४-५ दिसले म्हणून रेडिओ उघडायला घेऊ नका.

इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. पुढच्या बाजूला असलेलं आरएफ गेन हे बटण ऐकण्याचं आहे, पाठवण्याचं नाही. ते पूर्ण फिरवल्याने तुमची पॉवर कणभरही वाढत नाही. त्याचा उपयोग उलट दिशेचा: ताफ्यातली पुढची गाडी वीस मीटरवर असेल तर तिचा सिग्नल इतका जोरकस येतो की आवाज फाटतो. तेव्हा आरएफ गेन कमी करायचा. कायदेशीर सीबीत पाठवण्याच्या पॉवरचं बटण बाहेर नसतंच. ती कारखान्यात लावून दिलेली असते.

वापरणाऱ्याच्या हातात असतो तो माइक गेन, आणि समोरच्याला ऐकू येणारा खरा फरक त्यानेच पडतो. माइक ओठांपासून पाच-सात सेंटिमीटरवर, थोडा तिरका धरा. अर्धा-एक किलोमीटरवर मित्राला उभं करा. गेन कमीपासून हळूहळू वाढवत न्या, आवाज भरदार होत जाईल. जिथे तो कडक आणि बोचरा व्हायला लागतो, तिथून थोडं मागे या. ती तुमची जागा. गाडीची खिडकी उघडी ठेवून हे करू नका, नाहीतर वाऱ्याचाच आवाज मोजला जाईल.

पॉवरचं बटण बाहेर असतं ते "एक्स्पोर्ट" किंवा १० मीटरचे रेडिओ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर. ती २८ मेगाहर्ट्झच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, पट्ट्यासाठी आहेत आणि हॅम परवाना असलेल्यांनीच तिथे वापरायची. बदल करून ती सीबीवर वापरणं अमेरिकेत बेकायदा आहे. परवाना असेल तर नियम दुधाच्या पातेल्याचाच: रेडिओ एसएसबीवर शिखराला ४० वॅट देत असेल तर एएमचं कॅरिअर १० वॅटवर ठेवा, ३० वॅटवर नको. एफएमवर पूर्ण पॉवर सतत जात असते, म्हणून तिथे ती थोडी कमी ठेवा आणि लांबलचक भाषणं टाळा. मागचं हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, हाताला चटका देत असेल तर पॉवर जास्तच आहे.

कमी पॉवर लावणं हाही एकेकाळी नियमाचा भाग होता. ब्रिटनने २ नोव्हेंबर १९८१ला सीबी कायदेशीर केला तेव्हा अँटेना सात मीटरपेक्षा उंच असेल तर पॉवर दहाव्या हिश्श्यावर आणणारं बटण रेडिओवर सक्तीचं होतं. उंचीने मिळणारा फायदा एवढा मोठा असतो की ४ वॅटचे ०.४ केले तरी काम भागतं, हे त्या नियमामागचं गणित.

## "पण तो दुकानदार तर वाढवून देतो म्हणाला"

अमेरिकेतल्या ट्रक स्टॉपजवळच्या काही दुकानांत "पीक अँड ट्यून" करून देतात. यात रेडिओ उघडून आतले स्क्रू फिरवतात आणि बहुतेक वेळा मॉड्युलेशनला आवर घालणारा भागच काढून टाकतात. मीटरवर आकडा उसळतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण मॉड्युलेशनचा लगाम काढला की शिखरं कापली जाणार आणि शेजारच्या चॅनेलवर सांडणार. रेडिओचं एफसीसी प्रमाणनही त्याबरोबर संपतं. जुन्या रेडिओची पॉवर दोन वॅटवर आली असेल तर जाणकाराकडून ती परत चारवर आणून घेणं ही दुरुस्ती झाली आणि ती जरूर करावी. चारचे आठ करून घेणं वेगळं. त्यातून ऐकणाऱ्याला काय मिळतं ते वर पाहिलंच.

बाहेरून जोडायचा अॅम्प्लिफायर, ज्याला तिथे लिनिअर म्हणतात, सीबीवर कुठल्याही ताकदीचा असो, बेकायदाच. चॅनेल १९वर एक माणूस ५०० वॅट ओतू लागला की त्या टापूतले चार वॅटचे सगळे मुके होतात, आणि त्यात रस्त्यावर अपघात झालाय हे सांगू पाहणाराही असू शकतो. मला हा मुद्दा दंडापेक्षा मोठा वाटतो.

## "मग चार वॅटवाला समुद्रापार कसा बोलतो?"

हे खरं आहे, आणि पॉवरशी त्याचा संबंध कमी आहे. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर वातावरणाचा विद्युतभारित थर असतो, आयनोस्फिअर. सूर्य जोरात असतो तेव्हा हा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरीही खाली परतवतो, आणि त्या एका उडीत दोन-तीन हजार किलोमीटरवर उतरतात. याला स्किप म्हणतात. सूर्याचा जोर साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतो-ओसरतो. सध्याचं चक्र शिखराच्या काळात आल्याचं नासाने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केलं. त्यामुळे या वर्षांत सीबीवर दूरदेशीचे आवाज जास्त येतात.

पण स्किप कधी उघडेल, कुठे उतरेल हे आपल्या हातात नसतं. दोन हजार किलोमीटरवरचा माणूस ऐकू येईल आणि वीस किलोमीटरवरची मागे राहिलेली गाडी ऐकू येणार नाही, असं सहज होतं. उलट त्या दिवसांत चॅनेल १९वर लांबून येणाऱ्या आवाजांचा इतका गलका होतो की जवळचं बोलणं बुडतं. अशा वेळी स्क्वेल्च घट्ट करायचा, आरएफ गेन कमी करायचा, आणि ताफ्याने ठरवून शांत चॅनेलवर जायचं.

## "जीएमआरएस घेतला तर?"

अमेरिकेत ताफ्यातच बोलायचं असेल तर मी आज जीएमआरएसच सुचवेन. ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवरची ही एफएम सेवा आहे, अँटेना आखूड पुरते, आवाज स्वच्छ येतो, काही चॅनेलवर ५० वॅटपर्यंत मुभा आहे. परवान्याला ३५ डॉलर लागतात, परीक्षा नाही, तो दहा वर्षं चालतो आणि घरातल्या सगळ्यांना लागू होतो. पण अनोळखी ट्रकचालकाकडून पुढच्या घाटात बर्फ पडलाय का हे कळायचं असेल तर त्याच्याकडे सीबी आहे, जीएमआरएस नाही. लांब पल्ल्याला निघणाऱ्याने दोन्ही ठेवले तर चैन समजू नये.

## भारतात सीबी चालतो का?

चालतो, पण तिथल्यासारखा नाही. २००५च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्याशिवाय रेडिओ वापरता येतो. मुख्य अटी दोन: हवेत जाणारी पॉवर ५ वॅटपेक्षा जास्त नको, आणि अँटेना रेडिओच्या अंगचीच हवी, बाहेरून जोडलेली नको.

आता हे अमेरिकन रेडिओशी ताडून पाहा. तिथलं चॅनेल २७ आहे २७.२७५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या पट्ट्यात. चॅनेल २८ आहे २७.२८५वर, म्हणजे बाहेर. ४० चॅनेलच्या रेडिओतली वरची १३ चॅनेल इथे सवलतीत बसतच नाहीत. एसएसबीचे १२ वॅट बसत नाहीत. टपावरची अँटेना बसत नाही, आणि तिच्याशिवाय गाडीतल्या सीबीला अर्थ नाही. अमेरिकेतला भाऊ बॅगेतून सीबी आणतो म्हणाला तर त्याला प्रेमाने नको म्हणा.

याच कारणाने भारतात २७ मेगाहर्ट्झचा पट्टा लोकांना भेटतो तो मुलांच्या रिमोटच्या गाड्यांमधून. ट्रेकच्या गटासाठी किंवा घाटातल्या चार गाड्यांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकी आहेत. त्यांनाही वापरणाऱ्याचा परवाना लागत नाही, मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मंजुरी, म्हणजे ईटीए, हवी. मे २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख याच माहितीवर आहे: वारंवारिता कोणती, परवाना लागतो का, मंजुरी आहे का, हे विक्रीच्या पानावर स्पष्ट असलं पाहिजे. नुसतं "५ वॅट, १० किलोमीटर रेंज" लिहिलेलं असेल आणि वारंवारिता दिसत नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

ज्याला वॅट, अँटेना, स्किप या सगळ्याची खरी गोडी लागली असेल त्याच्यासाठी भारतात हॅम परवाना आहे. डब्ल्यूपीसी त्याची परीक्षा घेते, वयाची बारा वर्षं पूर्ण केलेलं कोणीही ती देऊ शकतं, आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची चाचणी द्यावी लागत नाही. परवाना हातात आला की सीबीच्या अगदी शेजारचा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा पट्टा, बाहेरची अँटेना आणि पॉवरचं बटण, तिन्ही गोष्टी कायद्याने वापरता येतात.